गोगलगाय आणि पोटात पाय

२०२१ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. २३ आणि २४ तारखेला जगभरच्या अनेक घरांत आणि लहान कचेऱ्यांत एकच प्रकार घडला. कोपऱ्यातल्या शेल्फावर वर्षानुवर्षे निमूटपणे काम करणारी एक पेटी लोकांनी आपल्या संगणकावरून उघडून पाहिली, तर ती रिकामी होती. मुलांच्या जन्मापासूनची छायाचित्रे, हिशेबाच्या वह्या, प्रबंधांचे मसुदे, सारे पुसले गेले होते. पेटी मात्र धडधाकट होती. दिवा जळत होता, आतली डिस्क फिरत होती, आणि पेटी कारखान्यातून नुकतीच बाहेर पडल्यासारखी कोरी झाली होती.

या पेटीचे नाव ‘माय बुक लाइव्ह’, आणि ती बनवणारी कंपनी वेस्टर्न डिजिटल. इंटरनेटवरून कुणीतरी पेट्यांना आज्ञा दिली होती, ‘पहिल्या दिवसाच्या स्थितीत परत जा’. अशी आज्ञा देणाऱ्याला आधी परवलीचा शब्द विचारायला हवा. तो विचारणाऱ्या ओळी पेटीच्या आज्ञावलीत होत्याही; पण २०११ साली आज्ञावलीची फेररचना करताना त्या निष्क्रिय केल्या गेल्या आणि तशाच राहिल्या. म्हणजे दाराला कुलूप होते, पण ते कडीला लावलेलेच नव्हते. या पेट्यांच्या आज्ञावलीत कंपनीने शेवटची सुधारणा केली ती २०१५ साली. पुढची सहा वर्षे पेट्या चालू होत्या, पण त्यांच्याकडे पाहणारे कुणी नव्हते.

यंत्र मरते कधी, हा प्रश्न इथे पडतो. शिवणयंत्राचा दट्ट्या झिजतो, पंख्याचे वेटोळे जळते, तेव्हा ते यंत्र बंद पडते. या पेट्यांचे काहीही झिजले नव्हते. त्यांचा निर्माता त्यांना सोडून गेला होता, एवढेच. अशा सोडून दिलेल्या यंत्रांना दुसरे आयुष्य देण्याचा एक विलक्षण प्रयोग त्याआधी दीड दशक होऊन गेला होता. त्याची हकीकत सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम ही पेटी म्हणजे काय ते पाहू. घरात चार संगणक असतील, तर चौघांनाही वापरता येईल असा एक साठा हवा असतो. हार्डडिस्क एका संगणकाला जोडली, तर तो संगणक बंद असताना इतरांना ती मिळत नाही. म्हणून डिस्क थेट नेटवर्कलाच जोडायची. पण नेटवर्कच्या तारेवरून येणारी मागणी डिस्कला कळत नाही. ती समजून घेऊन हवी ती फाइल काढून देणारा कुणीतरी मध्ये लागतो, आणि तो म्हणजे एक छोटा संगणकच. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, पण प्रोसेसर, मेमरी आणि ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली, हे सारे आहे. घेणारा मात्र त्याला संगणक म्हणून विकत घेत नाही. तो त्याला कपाट समजतो. आपल्या घरात असे किती संगणक कपाट, डबा किंवा खेळण्याचे सोंग घेऊन वावरत असतात, याची यादी वर्गात एकदा करून पाहावी.

२००४ साली लिंकसिस या अमेरिकन कंपनीने अशीच एक पेटी बाजारात आणली. नाव होते ‘एनएसएलयू२’. साध्या पुस्तकाहून लहान, आत पंखा नाही, डिस्कही नाही. मागे नेटवर्कच्या तारेसाठी एक खाच आणि बाहेरच्या डिस्क जोडण्यासाठी यूएसबीच्या दोन खाचा. किंमत १०० डॉलरांच्या आत. नावातल्या ‘एस-एल-यू’ या अक्षरांवरून वापरणाऱ्यांनी तिचे नाव ‘स्लग’ ठेवले. स्लग म्हणजे पावसाळ्यात भिंतीवर दिसणारी, पाठीवर शंख नसलेली गोगलगाय. तिच्या वेगालाही ते नाव शोभत होते. प्रोसेसर इंटेलचा, २६६ मेगाहर्ट्झवर चालू शकणारा, पण सुरुवातीच्या पेट्यांत तो निम्म्या, म्हणजे १३३ मेगाहर्ट्झ वेगाने चालवलेला. मेमरी ३२ मेगाबाइट. कार्यप्रणाली ठेवायला ८ मेगाबाइटची फ्लॅश मेमरी. ही वीज गेली तरी पुसली जात नाही. आजच्या साध्या मोबाइलने काढलेली दोन-तीन छायाचित्रेच तेवढी जागा खातात.

आपल्याकडे म्हण आहे, ‘गोगलगाय आणि पोटात पाय’. या गोगलगायीच्या पोटातही पाय होते. आत चालणारी कार्यप्रणाली लिंकसिसने स्वतः लिहिलेली नव्हती. ती लिनक्स होती.

हे महत्त्वाचे का, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेसर प्रिंटर आला. त्यात कागद वरचेवर अडके, आणि प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर असला की ते कळायलाही वेळ लागे. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या तरुण आज्ञावलीकाराने आधीच्या प्रिंटरला एक सोय करून दिली होती: कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या संगणकावर निरोप जाई. नव्या प्रिंटरलाही त्याला तेच करायचे होते. पण नव्या प्रिंटरची मूळ आज्ञावली, म्हणजे माणसाला वाचता येईल अशी सोर्स कोडची प्रत, कुणी देईना. ज्याच्याकडे ती होती त्याने गुप्ततेच्या करारावर सही केलेली होती. यंत्र समोर, दोष माहीत, उपाय माहीत, करण्याची तयारी. तरी हात बांधलेले. १९८३ साली स्टॉलमनने ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ साली ‘जीपीएल’ नावाचा परवाना लिहिला. त्याची अट थोडक्यात अशी: ही आज्ञावली घ्या, वापरा, बदला, विका, पण ज्याला द्याल त्याला तिची वाचता येणारी प्रतही द्या, आणि हेच सारे हक्क त्यालाही द्या. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतले आणि पुढच्याच वर्षी ते या परवान्याखाली आणले.

लिनक्स फुकट असल्यामुळे स्वस्त उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांनी ते उचलले. परवान्याच्या अटीकडे मात्र अनेकांनी काणाडोळा केला. लिंकसिसच्याच एका लोकप्रिय राउटरमध्ये लिनक्स असल्याचे २००३ साली जाणकारांच्या ध्यानात आले. त्यांनी बोंब केली, तेव्हा त्याच वर्षी कंपनीने त्याचा सोर्स कोड खुला केला. स्लग बाजारात आली ती या प्रकरणानंतर, आणि तिचा लिनक्सचा भाग पहिल्यापासून मागणाऱ्याला मिळत होता. कंपनीचे हे औदार्य होते असे आम्हाला वाटत नाही. पण परिणाम औदार्याचाच झाला.

आता काही हौशी मंडळी एकत्र आली आणि त्यांनी ‘एनएसएलयू२-लिनक्स’ हा प्रकल्प उभा केला. त्यांचे पहिले पाऊल सावध होते. ‘अनस्लंग’ या त्यांच्या आवृत्तीत कंपनीची कार्यप्रणाली जागेवर ठेवून तिला जोडण्या दिलेल्या होत्या. घर तेच, फक्त मागच्या बाजूला एक पडवी काढलेली. दुसरे पाऊल धाडसाचे होते: जुने सारे पुसायचे आणि फ्लॅशमध्ये पूर्ण नवी कार्यप्रणाली भरायची.

ज्या यंत्राला पडदाच नाही त्यात नवी कार्यप्रणाली भरायची कशी? इथे स्लगची रचना मदतीला आली. कोणताही संगणक सुरू होताना सर्वांत आधी एक छोटी आज्ञावली जागी होते आणि ती मोठ्या कार्यप्रणालीला उठवते. स्लगमध्ये तिचे नाव ‘रेडबूट’, आणि ती फ्लॅशच्या पहिल्या २५६ किलोबाइटमध्ये बसलेली होती. मागचे रीसेटचे बटण टाचणीने दाबून धरायचे आणि तसेच धरून पेटी चालू करायची. सुमारे दहा सेकंदांनी पिवळसर दिवा लाल होतो. त्या क्षणी बटण सोडायचे. मग दिवा आळीपाळीने लाल आणि हिरवा होऊ लागतो. याचा अर्थ रेडबूट थांबली आहे आणि नव्या मालाची वाट पाहते आहे. आता त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकातून ८ मेगाबाइटची नवी प्रत पाठवायची. बटण सोडायला उशीर झाला, तर पेटी नेहमीसारखीच सुरू होते आणि पहिल्यापासून करावे लागते. यात फार मोठी सुरक्षितता दडलेली होती. नवी प्रत भरताना रेडबूटचा भाग पुसला जात नसे. त्यामुळे मधेच वीज गेली, किंवा भरलेली प्रत चुकीची निघाली, तरी टाचणी घेऊन पुन्हा आरंभ करता येई. चूक करून परत फिरता येते, हे माहीत असल्यावर माणूस प्रयोग करतो. प्रयोगशाळेत मुलांना हात लावू न देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, असा एक टोला जाता जाता मारून घेतो.

पुढचा प्रश्न मात्र बटणाने सुटणारा नव्हता. डेबियन ही १९९३ साली सुरू झालेली, स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्सची आवृत्ती. तिच्यात हजारो तयार आज्ञावल्या आहेत. ती स्लगवर आणली तर पेटी खऱ्या अर्थाने संगणक होणार होती. पण डेबियन आणि स्लग उलटसुलट वाचत होत्या.

हे उदाहरणाने पाहू. संगणकाच्या मेमरीतल्या एका घरात, म्हणजे एका बाइटमध्ये, ० ते २५५ एवढीच संख्या मावते. २५८ ठेवायचे तर दोन घरे लागतात, कारण २५८ म्हणजे १ गुणिले २५६ अधिक २. आता पहिल्या घरात १ ठेवायचा की २? काही संगणक मोठा भाग आधी ठेवतात: १, २. काही लहान भाग आधी ठेवतात: २, १. दोन्ही रीती बिनचूक आहेत, पण एकाने ठेवलेले दुसऱ्याने वाचले तर २५८ चे ५१३ होतात. मराठी माणसाला ही अडचण नवी नाही. २५ लिहिताना आपण दोनाचा आकडा आधी लिहितो, आणि म्हणताना ‘पंचवीस’, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर, म्हणतो. इंग्रजीत वीस आधी येतात. आणि ‘एकशे पंचवीस’ म्हणताना तर आपण शतक आधी, मग एकक, मग दशक असा तिसराच क्रम लावतो! पहिलीतले मूल पंचवीस ऐकून ५२ लिहिते तेव्हा त्याचे गणित कच्चे नसते. त्याने फक्त आपल्या बोलीचा क्रम कागदावर उतरवलेला असतो.

संगणकाच्या जगात या दोन रीतींना ‘बिग-एंडियन’ आणि ‘लिटल-एंडियन’ म्हणतात. ही नावे डॅनी कोहेन या शास्त्रज्ञाने १९८० साली एका लेखात वापरली. ती त्याने घेतली जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या ‘गलिव्हरच्या प्रवासां’तून. तिथे अंडे मोठ्या टोकाने फोडावे की लहान, यावरून लिलिपुटवासीयांत युद्ध पेटलेले असते. इंटरनेटवरच्या निरोपांत मोठा भाग आधी ठेवण्याची प्रथा आहे. स्लगचा प्रोसेसर नेटवर्कच्या कामासाठीच बनवलेला, त्यामुळे कंपनीने तो बिग-एंडियन रीतीने चालवला. डेबियनच्या त्या कुळातल्या प्रोसेसरसाठीच्या साऱ्या आज्ञावल्या लिटल-एंडियन होत्या. सुदैवाने या प्रोसेसरला दोन्ही रीती येत होत्या. रेडबूट बिग-एंडियन रीतीने जागी व्हायची, लिनक्सच्या गाभ्याला हाक मारायची, आणि गाभ्याने पहिल्याच काही आज्ञांत प्रोसेसरची रीत बदलायची, असा मार्ग निघाला. लोकांच्या डिस्कवरच्या फाइलींना धक्का लागला नाही, कारण लिनक्सची ‘एक्स्ट३’ ही डिस्कवरची मांडणी प्रोसेसर कोणताही असो, लिटल-एंडियनच असते. ही रीत कुणीतरी बऱ्याच आधी ठरवून ठेवली म्हणून बरे झाले.

तिसरा अडथळा तांत्रिक नव्हता, आणि आमच्या मते साऱ्या हकिकतीत तोच बोलका आहे. स्लगच्या प्रोसेसरमध्ये नेटवर्कचे काम करणारे वेगळे लहान घटक होते. त्यांना चालवणारी चिमुकली आज्ञावली, तिला मायक्रोकोड म्हणतात, इंटेलची खाजगी होती. तिचा सोर्स कोड उपलब्ध नव्हता आणि परवाना जीपीएलशी जुळणारा नव्हता. डेबियनचा तेव्हाचा नियम असा होता की अधिकृत आवृत्तीत मुक्त परवान्याच्या आज्ञावल्याच असतील. म्हणजे साऱ्या पेटीत लिनक्स बसले, पण नेटवर्कची तार मुकी राहिली. आणि पडदा नसलेल्या पेटीला तार हाच एकमेव कान आणि तेच एकमेव तोंड! इंटेलच्या भल्यामोठ्या चालक आज्ञावलीच्या जागी मुक्त परवान्याची नवी चालक आज्ञावली एका आज्ञावलीकाराने लिहून काढली. मायक्रोकोडचा तुकडा मात्र बंदच राहिला. मग डेबियनच्या मार्टिन मिखल्मायर या स्वयंसेवकाने अधिकृत प्रतीच्या शेजारी मायक्रोकोड घातलेली एक अनधिकृत प्रत उपलब्ध करून दिली. तत्त्व अधिकृत प्रतीने सांभाळले, व्यवहार अनधिकृत प्रतीने.

८ एप्रिल २००७ रोजी डेबियनची चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यात स्लगला अधिकृत स्थान मिळाले. फ्लॅशमध्ये फक्त गाभा आणि आरंभाचे सामान. बाकी सारी कार्यप्रणाली यूएसबीला जोडलेल्या डिस्कवर. दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कमार्गे पेटीत शिरायचे आणि प्रश्नांची उत्तरे देत जायचे. ३२ मेगाबाइट मेमरीमुळे हे काम काही तास चाले. लावून द्यावे आणि जेवायला जावे. त्यानंतर ती पेटी काय वाटेल ते करी: संकेतस्थळ चालवी, टपाल वाटी, प्रिंटर सांभाळी, तापमानाची नोंद ठेवी. तिचा वीजपुरवठा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा. म्हणजे जास्तीत जास्त १० वॅट, जुन्या शून्याच्या बल्बपेक्षा भलतेच कमी नाही, पण रात्रंदिवस चालणाऱ्या संगणकाच्या मानाने काहीच नाही. काहींनी तर आतल्या पाटीवरचा एक रोधक उचकटून काढला आणि प्रोसेसरचा निम्मा केलेला वेग पूर्ववत करून घेतला.

२००८ साली लिंकसिसने स्लगचे उत्पादन थांबवले. एरवी ही तिची मृत्यूची तारीख ठरली असती. पण तिच्यावरच्या डेबियनला सुरक्षिततेच्या सुधारणा पुढेही मिळत राहिल्या, कारण त्या कंपनीवर अवलंबून नव्हत्या.

शेवट अर्थात आलाच. लिनक्सचा गाभा दरवर्षी जाडजूड होत गेला आणि ८ मेगाबाइटच्या खोलीत त्याला पाय पसरता येईनात. २०१२ साली रास्पबेरी पाय हा ३५ डॉलरचा संगणक आला. त्याच्यात मेमरी आठपट, शिवाय पडदाही जोडता येत होता. हौशी मंडळी तिकडे वळली. काही वर्षांनी डेबियननेही स्लगला निरोप दिला. म्हणजे स्लगला शेवटी तिच्या लहान मेमरीनेच गाठले. तेही कंपनीने सोडल्यावर कितीतरी वर्षांनी. यात गंमत अशी की लिनक्सच्या गाभ्यात या प्रोसेसर-कुळाची साफसफाई २०१९ पासून पुन्हा नव्याने झाली, आणि तिथे आजही एनएसएलयू२ या नावाची फाइल सापडते.

आता पुन्हा २०२१ कडे वळू. माय बुक लाइव्हच्या पोटात काय होते? तिथेही डेबियनच होते. प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ मेगाबाइट, म्हणजे स्लगच्या मानाने राजवाडा. ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही मुक्त कार्यप्रणाली या पेटीवर चालते. तरी बहुसंख्य पेट्यांत २०१५ सालचीच आज्ञावली राहिली, कारण मालकांच्या लेखी ते कपाट होते, आणि कपाटाची कार्यप्रणाली कुणी बदलत नाही. पुढे कंपनीने मालकांना गेलेली माहिती परत मिळवून देण्याची सेवा आणि जुन्याच्या बदल्यात नवी पेटी सवलतीत देण्याची योजना जाहीर केली. २०२४ च्या एप्रिलमध्ये डी-लिंक या कंपनीच्या अशाच जुन्या पेट्यांत गंभीर दोष उघड झाला, तेव्हा कंपनीने सांगितले की त्यांचा काळ संपला आहे, दुरुस्ती निघणार नाही, त्या काढून नव्या घ्याव्यात.

शाळेच्या संगणक-खोलीच्या कपाटात अशी एखादी पेटी असेल, तर भंगारात देण्याआधी तिच्या पाठीवरचे मॉडेलचे नाव वाचावे आणि तीन गोष्टी शोधाव्यात. प्रोसेसर कोणता आहे, मेमरी किती आहे, आणि चूक झाल्यास परत फिरण्याची वाट, म्हणजे रेडबूटसारखी आधी जागी होणारी आज्ञावली, हाताशी आहे का. पहिल्या दोन उत्तरांवरून नवी कार्यप्रणाली बसेल की नाही ते कळेल. तिसऱ्यावरून हे काम नववी-दहावीच्या मुलांच्या हाती द्यावे की नाही ते ठरेल. आतल्या डिस्कवरचे सारे आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे. ते होईपर्यंत पेटीला शाळेच्या नेटवर्कची तार जोडू नये.